विचारून पुसायच्या खुणा

माझ्या आईनं मला एकदा अहोजाहो केलं. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, स्वतःच्या खाटेवर बसून, माझ्या गालांवर दोन्ही हात ठेवून. "बसा हं," ती म्हणाली, "माझी मुलगी येईलच इतक्यात. दर रविवारी येते." आणि चुकून दुसऱ्याच्या पिशवीत हात गेला की आपण जसा ओशाळून मागं घेतो, तसे तिनं माझ्या तोंडावरून हात काढून घेतले. काचबिंदूनं तिचे डोळे जाऊन चार वर्षं झाली होती. कानांनी निम्मं काम सोडलं होतं, आणि डोकं म्हणाल तर भाडेकरूसारखं, कधी घरात, कधी बाहेरगावी. माणसं ती हातांनी ओळखायची. दादाला मिशीवरून, वहिनीला हाताच्या साबणाच्या वासावरून, आणि मला तोंडावरून. आधी कपाळ, मग भुवया, मग डाव्या भुवईच्या टोकापासून खाली येत गाल, मग हनुवटी. आणि मग "आलीस का ठके" असं म्हणून हनुवटीला एक टिचकी. त्या दिवशी हात कपाळावरून निघाले, भुवईपाशी अडखळले, गालावर आले, पुन्हा वर गेले, काहीतरी हरवल्यासारखे फिरले आणि थांबले. "आई, मीच आहे गं," मी ओरडले. वहिनीनं येऊन तिच्या कानात तेच दुप्पट आवाजात सांगितलं. आईनं मान डोलावली. "असेल, असेल," ती म्हणाली. ऐन दुपारी दारावर आलेला विक्रेता कितीही खरं बोलत असला तरी त्याच्याशी आपण जितक्या सभ्यपणे बोलतो, तितक्या सभ्यपणे.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि चोवीस वर्षं लोकांची तोंडं साफ करत होते. न्हाव्यासारखी नाही, फोटोतली. सुरुवात निगेटिव्हवर पेन्सिलीनं केली. पेन्सिलीला इतकं टोक काढायचे की तिनं डासाला इंजेक्शन देता आलं असतं. पुढं कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली, माऊस आला, पण काम तेच. स्टुडिओच्या मागच्या अरुंद खोलीत, एका स्टुलावर, समोर पडद्यावर परक्या माणसाचा चेहरा ताटाएवढा मोठा करून बसायचं आणि त्याच्यावरचे खडे वेचायचे. मी आयुष्यात पुसलेल्या पुटकुळ्या एका ठिकाणी ओतल्या असत्या तर आमच्या गल्लीत टेकडी झाली असती आणि लोक संध्याकाळी तिच्यावर फिरायला गेले असते. एकदा एका गृहस्थांना मी इतकं साफ केलं की त्यांच्या बायकोनं फोटो घरी न्यायला नकार दिला. म्हणाली, परका पुरुष भिंतीवर नको. त्यावर मालकांनी मला नियम घालून दिला, आणि तो नियम मी पुढं सगळ्या नव्या मुलींना शिकवला: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते न विचारता पुसायचं, जे राहणार आहे ते विचारून. पुटकुळी न विचारता, तीळ विचारून. ओरखडा न विचारता, व्रण विचारून. "कारण काय बाई," मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "पुटकुळी ही पाहुणी असते. तीळ घरातला असतो. घरातल्याला हाकलायचं तर घरमालकाला विचारायला नको?"

माझ्या स्वतःच्या तोंडावर मात्र त्या वयात पाहुणे येऊन राहिलेच होते. सोळाव्या वर्षी मला एक पुटकुळी आली नव्हती. मैत्रिणी रडायच्या आणि मी आरशात बघून मनातल्या मनात मिरवायचे. तो माज देवानं कुठंतरी लिहून ठेवला असावा. चाळिशी उलटली आणि जबड्याच्या कडेनं खोल, दुखऱ्या गाठी यायला लागल्या, अशा की कुशीवर झोपताना उशीची परवानगी घ्यावी लागे. त्या बसल्या की काळे डाग मागं ठेवून जायच्या. गालांच्या हाडांवर वांग पसरला, दोन्ही बाजूंना, कुणीतरी चहाचा कप ठेवून उचलल्यासारखा. नाक आणि नाकालगतचा भाग जरा ऊन लागलं, गरम काही प्यायलं, मालक ओरडले, की लाल. भुवयांत पापुद्रे. आणि या सगळ्यांत जुना, डाव्या भुवईच्या टोकाखालचा एक खळगा, मसुराच्या दाण्याएवढा, मला आठवतं तेव्हापासूनचा. त्या खळग्याबद्दल आईनं मला लहानपणी निदान दहा गोष्टी सांगितल्या असतील. एकदा म्हणाली, चिमणीला तिथं दाणा दिसला. एकदा म्हणाली, तू घडत होतीस तेव्हा माती कमी पडली, उरलेली दादाच्या नाकाला लागली होती. एकदा म्हणाली, ते बटण आहे. रडायला लागलीस की दाबते. आणि खरंच ती तिथं बोट टेकवायची आणि मी थांबायचे. थापा मारणं मी कुणाकडून शिकले हे यावरून कळेल. खरं कारण मी कधी विचारलं नाही. इतकी कारणं असताना आणखी एकाची गरज वाटत नव्हती.

तर त्या सगळ्यावर मी काय केलं? जे कुणी जे सांगेल ते. वहिनीनं एक ट्यूब दिली, तिच्या ऑफिसातली कोणीतरी लावायची आणि उजळायची. ती लावल्यावर पहिल्या आठवड्यात माझा चेहरा असा झाला की मालकांनी विचारलं, बाई, लॉटरी लागली का. चार महिन्यांत असा झाला की त्यांनी विचारणं सोडून दिलं. कातडी पातळ, चकाकणारी, तिच्यातून बारीक लाल रेघा दिसायच्या. ट्यूब थांबवली की आग, लावली की शांत, पुन्हा आग. मग ते सगळं झाकायला मी बाजारातून एक जाड लेप आणला. सकाळी तो बोटानं थापायचा, पहिला थर, दुसरा थर, कडा पुसून घ्यायच्या. पडद्यावर जे चोवीस वर्षं करत होते तेच मी आता आरशासमोर करत होते आणि मला ते काम छान जमत होतं. आईनं अहोजाहो केलं त्या रविवारी मी बसमध्ये खिडकीला टेकून स्वतःला सांगत होते की गाठींमुळं झालं, तिच्या हाताला त्या गाठी लागल्या आणि ती घाबरली. सोमवारी मी स्टुडिओतल्या कामाच्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव घातलं, खाली एक ते सहा आकडे टाकले, गाठी, डाग, वांग, लाली, पापुद्रे, खळगा, आणि चिठ्ठी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची होती. तिच्या हनुवटीवर एक ताजी पुटकुळी होती आणि ती बोलत असताना माझा उजवा हात मांडीवर शिवशिवत होता, पुसू का, पुसू का. तिनं चिठ्ठी वाचली. "हे मला पहिल्यांदाच कुणीतरी कामाच्या क्रमानं लिहून दिलंय," ती म्हणाली. मग भिंग घेऊन इतकी जवळ आली की मला तिच्या श्वासातली वेलची कळली. कितीतरी वर्षांत कुणी माझ्या तोंडाच्या इतकं जवळ आलं नव्हतं, आणि मला कारण नसताना रडू आलं. तिनं न बोलता कागदी रुमालांचं खोकं पुढं सरकवलं; त्या खोलीत ते रोजचंच असावं. नंतर ट्यूब पाहिली. "ही कुणी दिली?"

"वहिनीनं."

"वहिनीशी काही वैर आहे का?"

"नाही हो. ती प्रेमानं देते."

"मग ठीक आहे. प्रेमानं देणारेच जास्त येतात माझ्याकडे." मग ती गंभीर झाली. "हे बघा, यात स्टेरॉइड आहे. हे आधी थांबवायचं. थांबवलं की वाढेल, सांगून ठेवते, आणि तरी लावायचं नाही. तोंड एक आहे आणि तक्रारी पाच, सगळ्या एकाच खोलीत राहतात. गाठींना औषध दिलं की लाली चिडते. वांगाला दिलं की दोघी चिडतात. म्हणून आधी कुणालाच काही द्यायचं नाही. सौम्य साबण, साधं मलम, उन्हाचं क्रीम. लेप बंद. खोली शांत झाली की एकेकीला बोलवू."

"आणि सहावी?"

तिनं बोट माझ्या भुवईखाली टेकवलं. "हा? हा तर काही बोलतच नाही बिचारा. शेवटी बघू. हवा असेल तर भरून टाकू, पंधरा मिनिटांचं काम. तोवर दर पंधरा दिवसांनी मला फोटो पाठवा. खिडकीच्या उजेडात, धुतल्या तोंडाचे."

सगळं ऐकलं मी. फक्त लेप बंद केला नाही. म्हणजे रोज बंद होता, स्टुडिओच्या मागच्या खोलीत मला बघतो कोण. पण रविवारी आईकडे जाताना थापायचे, नेहमीपेक्षा जाड. तिच्या हाताला गाठ लागू नये म्हणून. आणि दर रविवारी आईचे हात तोच रस्ता चालायचे, तिथंच अडखळायचे आणि परत फिरायचे. दुसऱ्या रविवारी मी ओरडले. तिसऱ्या रविवारी नुसती बसले. चौथ्या रविवारपर्यंत आमची, म्हणजे आईची आणि त्या परक्या बाईची, बरी ओळख झाली होती. आई तिला माझ्या गोष्टी सांगायची. "माझी मुलगी लोकांची तोंडं धुते," ती सांगायची, "मोठ्या मोठ्या माणसांची. एकदा एका मंत्र्याचं धुतलं, तर त्याच्या पक्षानं त्याला ओळखलंच नाही." ही थाप माझी नव्हती, तिनं माझ्यासाठी नवी रचली होती. मी हसले आणि त्याच वेळी मला माझाच हेवा वाटला. पोटची मुलगी म्हणून जे मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं ते परकी म्हणून मिळत होतं: की मी लहानपणी बोलायला उशीर केला आणि आई घाबरली होती, की मी लग्न केलं नाही याचं तिला वाईट वाटत नाही, फक्त लोकांपुढं वाटल्यासारखं दाखवावं लागलं, की मी हसले की डावा डोळा आधी मिटतो. आणि मग ती दाराच्या दिशेनं तोंड करून म्हणायची, "आली नाही हो अजून. चार रविवार झाले. बरं नसेल का तिला?" यावर परक्या बाईनं काय म्हणायचं असतं? मी म्हणायचे, "येईल हो." ते तिला ऐकू जायचं नाही. मी तिचा हात दाबायचे, आणि ती सभ्यपणे तो सोडवून घ्यायची.

फोटो मी स्टुडिओतल्याच कॅमेऱ्यानं काढून घेत होते, समोरच्या मोठ्या खिडकीत उभी राहून, मालकांकडून. ते दिवसभरातल्या बाकी फोटोंबरोबर माझ्या मेजावर यायचे आणि मेजावरून डॉक्टरीणबाईंच्या मोबाइलवर जायचे. पहिल्यावर तिचा निरोप आला: "फारच लवकर शांत होतंय." दुसऱ्यावर: "उत्तम! आता वांगाचं औषध सुरू करू," आणि सोबत औषधाचं नाव, शिवाय बुधवारची वेळ, खळगा भरायला. मी चार दिवस ते औषध लावलं. पाचव्या दिवशी सकाळी तोंडावर पाणी मारलं आणि पाण्यानं मला चावा घेतला. गाल सुजले, कातडी सोलली, डोळ्यांखाली भाजल्यासारखं झालं. शुक्रवारी मी रुमालात तोंड धरून तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मेजावरच्या पडद्यावर माझे दोन्ही फोटो मोठे केले, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शाळेत दोघींच्या वह्यांत एकच चूक सापडल्यावर बाई जशा बघतात तसं.

"लाली गेली, मी मानलं," ती सावकाश म्हणाली. "गाठी बसल्या, तेही मानलं. घाईत होते, मानायला बरं वाटलं. पण हे काय?" आणि तिचं बोट पडद्यावर माझ्या डाव्या भुवईखाली आलं. "इथला खळगा कुठं गेला? साबणानं खळगा जात नाही. एकतर मी चमत्कार केलाय, नाहीतर तुम्ही मला फसवताय."

मी पाहिलं. पडद्यावर एक बाई होती. गुळगुळीत, शांत, वय नसलेली. पापण्यांखाली एक अगदी हलकी सावली ठेवलेली, म्हणजे खोटं वाटू नये. कातडीचे कण जागच्या जागी. काम सफाईदार, हात माझा. शपथ घेऊन सांगते, आणि माझ्या शपथेला कोणी विचारत नाही हे मला ठाऊक आहे, पण मला त्यातलं काही आठवत नव्हतं. दोन्ही दिवशी पासपोर्टचे चाळीसेक फोटो होते; मी एकेचाळिसावी. हाताला वाटलं गिऱ्हाईक आहे. डोकं त्या वेळी आईच्या खाटेवर, परक्या बाईच्या जागी बसलं असणार, आणि हातानं आपलं काम उरकलं. मला गाठींचं काही वाटलं नाही, लालीचं काही वाटलं नाही. पाहुणे होते, न विचारता पुसले. पण खळगा? चोवीस वर्षांत मी एका माणसाचा तीळ न विचारता काढला नव्हता. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, नियमासकट. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं माझ्या सोललेल्या गालावर एक थंड, ओली पट्टी ठेवली. "मग विचारायचं होतं ना," ती म्हणाली.

"कुणाला? माझाच तर आहे."

ती पट्टीवर बोटांनी हलकेच दाबत राहिली. आणि त्या गारव्यात, डोळे मिटलेले असताना, मला आईचे हात आठवले. मनात नव्हे, कातडीवर आठवले: कपाळ, भुवई, डाव्या भुवईचं टोक, आणि तिथं खाली, दर रविवारी, बोट अर्धा क्षण टेकायचं. चाळीस वर्षं टेकत आलेलं बोट. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, जिना चढताना कठड्याचं वाटत नाही तसं. लेप आणल्यापासूनचे पाचही रविवार मी तिथं दोन दोन थर भरून जात होते. गाठी तिला लागल्या असत्या तर तिनं विचारलं असतं, हे काय गं झालं. तिला जे लागलं नाही त्यानं ती घाबरली होती.

"बुधवारचं रद्द," डॉक्टरीण म्हणत होती. "सगळं पुन्हा पहिल्यापासून. महिना, दोन महिने, सहा महिने. काही जाईल, काही कमी होईल, वांग उन्हाळ्यात परत डोकावेल. तुम्ही रागावू नका त्याच्यावर. फोटो मी माझ्या मोबाइलवर काढेन. आणि तोंडाला काही म्हणजे काही लावायचं नाही, रविवारीसुद्धा."

रविवारी मी तसंच तोंड घेऊन निघाले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अर्धी सोललेली, अर्धी सुजलेली, भर उजेडात, छत्री धरून. बसमध्ये समोरच्या सीटवरची एक लहान मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईनं तिचं तोंड वळवलं, तिनं ते परत फिरवलं. मी तिला डोळा मारला. ती खुश झाली. मला मात्र परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं. कारण आता झाकायला काही नव्हतं आणि दोष द्यायलाही काही नव्हतं. आजही ती "बसा हं" म्हणाली असती तर मग तिच्याकडे मी कायमची परकीच. दार वहिनीनं उघडलं. माझ्याकडे बघून तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! हे त्या माझ्या ट्यूबनं?"

"नाही गं. त्याच्यावर मी स्वतःची अक्कल लावली."

आई खाटेवर बसली होती, दाराकडे तोंड करून. मी समोर बसले, तिचे हात घेतले आणि माझ्या कपाळावर ठेवले. हात निघाले. भुवयांतले पापुद्रे त्यांना लागले, त्यांनी ते झटकल्यासारखं केलं. डाव्या भुवईच्या टोकाशी आले. उजव्या हाताचं मधलं बोट खाली उतरलं आणि बसलं. बोट तिथंच राहिलं.  आईचे ओठ हलत होते, काहीतरी मोजल्यासारखे. मग ती मोठ्यानं म्हणाली, "अगं, चहा टाक. आली ही." आणि मला, रागानं, "कुठं होतीस? एक बाई येऊन बसायची तुझ्या जागेवर. स्वभावानं चांगली होती बिचारी, पण तोंडाला काय चुना फासायची कोण जाणे." मग हात गालावर गेले, गाठींवर, सोललेल्या कडांवर, आणि अगदी हलके झाले. "दुखतंय का गं ठके?"

"दुखतंय," मी तिच्या कानाशी म्हणाले. मला वाटतं, मोठी झाल्यापासून मी तिला हे पहिल्यांदाच सांगितलं. मग मी नियमाप्रमाणे विचारलं. एकेक शब्द सुटा करून, तिला ऐकू जाईल असा. "आई. हा खळगा आहे ना, तो भरून मिळतो. बुजवू का?"

माझी अपेक्षा होती की ती चिमणी काढेल, माती काढेल, काहीतरी अकरावं काढेल. ती बोट न हलवता म्हणाली, "कांजिण्या होत्या तुला. चार वर्षांची होतीस. तू खाजवू नयेस म्हणून तुझ्या हातांना मोजे बांधले होते, आणि मी पाच दिवस तुझे हात धरून बसले होते. पाचव्या दुपारी मला डोळा लागला. पाव तास, जास्त नाही. जागी झाले तर मोजा खाली पडलेला, आणि इथनं रक्त." तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या वडिलांना सांगितलं, झोपेत झालं. कुणाच्या झोपेत ते नाही सांगितलं."  यात खरं किती आणि रचलेलं किती, ते तिच्या बाबतीत कधी कळायचं नाही, आणि तिची ही एकच गोष्ट आहे जी मी पुढं कधी कुणाला वाढवून सांगितली नाही. "बुजव हवं तर," ती म्हणाली. "तुझं तोंड आहे." मग बोट जरासं उचललं, पुन्हा तिथंच टेकवलं, बघितल्यासारखं. "पण मग मी बोट कुठं ठेवू?"

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. मी हसत होते, आणि डोळ्यांतलं पाणी सोललेल्या गालावरून जाताना झोंबत होतं. माझा डावा डोळा आधी मिटला, हे तिच्या बोटाला कळलं असणार. कारण तिनं ते बटण दाबलं.